घरच्याला त्याच्या मर्जीविरुद्ध ॲडमिट करायचंय? कोर्टात पळायच्या आधी हे वाचा

वकिलाच्या टेबलासमोर बसल्या बसल्या मी पहिलं वाक्य बोललो ते हे, "साहेब, दादाला ॲडमिट करायची कोर्टाची ऑर्डर काढून द्या, फी किती ते सांगा." वकील म्हणाले, डॉक्टरला दाखवलंय? नाही, तो येतच नाही. पोलिसात काही नोंद? नाही, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला न्यायची. मग मी कोर्टाला दाखवू काय? तेव्हा जाम राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे लिहितोय. मी वकील नाही, तुमच्या केसचे बारकावे तुमच्या वकिलाला विचारा, पण निदान विचारायचं काय एवढं तरी कळेल.

आधी एक गैरसमज. जुन्या लोकांच्या डोक्यात १९८७ चा कायदा बसलाय, त्यात नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचे आणि 'रिसेप्शन ऑर्डर' निघाली की माणूस मनोरुग्णालयात. तो कायदा गेला. आता २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आहे, त्यात बहुतेक ॲडमिशन कोर्टाची पायरी न चढता होतात आणि कोर्टाचा दरवाजा ठरावीक परिस्थितीतच उघडतो. म्हणजे तुम्हाला वाटतं ऑर्डर मिळाली की झालं, प्रत्यक्षात बऱ्याच घरांना ऑर्डर लागतच नाही, लागतात ते दोन तपासणारे आणि एक नीट लिहिलेला अर्ज.

हा झाला मुख्य रस्ता, कलम ८९. याला 'सपोर्टेड ॲडमिशन' म्हणतात. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, तेव्हा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी हॉस्पिटलला अर्ज करतो. हा प्रतिनिधी कोण? पेशंटनं आधी लेखी कुणाचं नाव दिलं असेल तर तो, नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारा, आणि कुणीच नसेल तर मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे अशा ॲडमिशनवर लक्ष ठेवायला याच कायद्यानं नेमलेलं मंडळ, कुणाला तरी नेमतं. आमच्याकडे आईनं सही केली, मी करणार होतो पण दादा माझ्यावरच संशय घ्यायचा म्हणून डॉक्टरच म्हणाले आईला पुढे करा. ज्याच्यावर पेशंटचा त्यातल्या त्यात विश्वास आहे त्यानं सही करावी, पुढे बरं झाल्यावर नातं सांभाळायला सोपं जातं.

ॲडमिशनच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन जणांनी वेगवेगळं तपासायला हवं. त्यातला एक सायकिॲट्रिस्ट हवाच, दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला प्रोफेशनल चालतो. दोघांना तीनपैकी एक तरी गोष्ट दिसली पाहिजे: माणसानं नुकतंच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय किंवा तशी धमकी दिलीय, किंवा दुसऱ्यावर हात उगारलाय किंवा समोरच्याला मार बसेल अशी भीती वाटतेय, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाहीये इतकं की त्याला स्वतःला अपाय व्हायचा धोका आहे. वर हेही दिसावं लागतं की ॲडमिट करण्यापेक्षा सौम्य उपाय उरलेला नाही. यात 'नुकतंच' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. दहा वर्षांपूर्वी गोळ्या चालू होत्या म्हणून आज आजारी आहे असं कायदा मानत नाही, जुना केसपेपर सोबत न्या जरूर, पण नुसत्या त्याच्या जोरावर काही होणार नाही.

आणि हो, जातीबाहेर लग्न करतोय, देवधर्म सोडला, घरच्यांचं ऐकत नाही, फ्लॅटच्या कागदावर सही करत नाही, असल्या कारणांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तारखांना कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मी जे ऐकलंय त्यात निम्म्या वेळा आजारापेक्षा सातबाराच जास्त बोलत होता.

आता वहीबद्दल सांगतो, कारण आमचं काम तिनं केलं. वकिलानं सांगितलं म्हणून शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि जे घडेल ते त्याच दिवशी लिहायचं ठरवलं. माझी पहिली नोंद होती, "दादानं आज फार तमाशा केला, सगळ्यांचं जगणं नकोसं करून टाकलंय." वकिलानं वाचलं आणि म्हणाले, यातून डॉक्टरला काय कळणार? मग दुसऱ्या आठवड्यातली नोंद अशी झाली: "सोमवार, रात्री अडीच. दादा गॅलरीत उभा राहून रस्त्यावरच्या माणसांना ओरडतोय, पाळत ठेवता काय म्हणून. आई मध्ये पडली तर तिला ढकललं, मनगट दाराच्या कडीवर आपटलं, सूज आहे, फोटो काढला. शनिवारपासून घरचं जेवण बंद, पाण्यात काहीतरी मिसळलंय म्हणतो, बिस्किटाचे दोन पुडे सोडून पोटात काही नाही. पाहणारे: मी, शेजारचे काका." फरक बघा. पहिल्या नोंदीत माझा वैताग आहे, दुसरीत तारीख, वेळ, कृती, इजा, साक्षीदार. डॉक्टरनं ती पानं दहा मिनिटं वाचली आणि मग जे प्रश्न विचारले ते सगळे त्या पानांतूनच निघाले. खोटं मात्र एक अक्षरही लिहू नका, वाढवून तर अजिबात नाही, एक गोष्ट खोटी निघाली की उरलेली खरी पानंही वाया.

दारूचं काय, हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्यात, त्यामुळे हाच कायदा लागतो. पण रोज पितो, पगार उडवतो, एवढ्यावर जबरदस्तीचं ॲडमिशन होत नाही. शुद्धीवर असताना नीट विचार करून जो नाही म्हणतोय त्याचं नाही हे नाहीच असतं, कितीही चुकीचं वाटलं तरी. भास होतायत, शुद्ध हरपतेय, जिवावर उठलाय, मग गोष्ट वेगळी. आणि कृपा करून रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका, दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावतोसुद्धा. ते काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच. बायकोला, आईला मारहाण होत असेल तर ॲडमिशनची वाट बघत बसू नका, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करता येतो, दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

इथेच 'उचलून नेणाऱ्या' सेंटरांबद्दल बोलतो. फोन करा, चार पोरं गाडी घेऊन येतात, पहाटे माणसाला हातपाय बांधून नेतात आणि सहा महिने भेटू देत नाहीत. आम्हालाही एकानं असा नंबर दिला होता आणि खरं सांगतो, त्या रात्री मी तो डायल करून कट केला. मानसिक रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, बिननोंदणी चालवली तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. साखळीनं बांधायला तर कायद्यानं सरळ बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळदंडात अडकवलेल्या २८ रुग्णांना पळताच आलं नाही. म्हणून आधी नोंदणी सर्टिफिकेट दाखवा म्हणायचं, सायकिॲट्रिस्ट कोण आणि कधी येतो विचारायचं, वॉर्ड बघायचा. टाळाटाळ केली की उठून चालायला लागायचं.

मग पोलीस आणि कोर्ट कधी? जेव्हा माणूस डॉक्टरपर्यंत पोचतच नाही तेव्हा. कलम १०० प्रमाणे मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरतोय, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसताना रस्त्यावर भटकतोय असं पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला सबळ कारणानं वाटलं, तर पोलीस त्याला संरक्षणात घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेतात, तेही लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत. लॉकअपमध्ये टाकायचं नाही, हे कायद्यातच लिहिलंय. आम्ही गेलो तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, "अहो, घरातलं भांडण आहे, समजावून घ्या की." तोंडी बोललात तर हेच ऐकायला मिळेल. मी परत आलो, एका पानात अर्ज लिहिला, वर कलम १०० घातलं, खाली वहीतल्या तीन ताज्या घटना तारखेसकट, दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोचचा शिक्का मागितला. शिक्का मारायची वेळ आली की वाचलं जातं, असा माझा अनुभव. प्रत्यक्ष हाणामारी चालू असेल तर अर्जबिर्ज नको, सरळ ११२.

कलम १०१ वेगळं आहे. आजारी माणसाला घरचेच उपाशी ठेवतायत, कोंडतायत, मारतायत किंवा वाऱ्यावर सोडलंय असं दिसलं तर कुणीही, शेजारीसुद्धा, पोलिसांना कळवायला हवं आणि पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला रिपोर्ट द्यायचा असतो. मॅजिस्ट्रेट मग त्या माणसाला समोर आणायला सांगू शकतात.

आणि ज्याला सगळे 'कोर्टाची ऑर्डर' म्हणतात ते कलम १०२. मॅजिस्ट्रेटसमोर असा माणूस आला किंवा आणला गेला तर ते लेखी हुकूम देऊ शकतात की याला तपासणी आणि गरज पडल्यास उपचारासाठी सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत न्या, किंवा तपासणी आणि उपचाराची आखणी करण्यासाठी जास्तीत जास्त दहा दिवस ॲडमिट करा. दहाच दिवस, तेही पारखून बघायला. त्यानंतर डॉक्टरांचा रिपोर्ट कोर्टात जातो आणि पुढचं सगळं परत याच कायद्यानं, म्हणजे बहुतेकदा फिरून तुम्ही कलम ८९ वरच येता. वकील अर्ज करणार असेल तर त्यात पेशंटशी तुमचं नातं, तो सध्या कुठे राहतो, काय काय घडलं तारीखवार, आधीचे उपचार, डॉक्टरकडे न्यायचे कुठले प्रयत्न फसले, पोलिसांकडच्या अर्जाची पोच आणि नेमकं काय मागताय हे आलंच पाहिजे. मागताना "कायमचं ठेवून घ्या" असं लिहू नका, तपासणीसाठी न्या एवढंच मागा, कारण कोर्ट तेवढंच देऊ शकतं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, बायकांना आणि मानसिक आजार असलेल्यांना तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

मध्यरात्रीच परिस्थिती हाताबाहेर गेली तर कलम ९४ आहे. कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर जीव वाचवण्यापुरते किंवा गंभीर इजा टाळण्यापुरते तातडीचे उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं, साधारण ७२ तासांपर्यंत, आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवणंही त्यातच येतं. शॉक ट्रीटमेंट मात्र यात देता येत नाही. एका हॉस्पिटलात आम्हाला आधी पोलिसांचं पत्र आणा म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा हे कलम माहीत असतं तर मी तिथून हललो नसतो. कुठे न्यायचं तेच सुचत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नशेसाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. राज्याची मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, पण पहिली तपासणी बऱ्याचदा जिल्हा रुग्णालयातच होते.

ॲडमिट झाल्यावर काय? कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस. हॉस्पिटलनं मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाला सात दिवसांत कळवायचं, पेशंट बाई असेल तर तीन दिवसांत. दर सात दिवसांनी बघायचं की आता हा स्वतः निर्णय घेऊ शकतो का, घेऊ शकला की जबरदस्ती संपली, मग राहायचं की नाही ते तो ठरवणार. ३० दिवसांच्या पुढे ठेवायचं तर कलम ९०, दोन सायकिॲट्रिस्ट आणि बोर्डाची परवानगी. आणि पेशंट स्वतः बोर्डाकडे दाद मागू शकतो, त्याला फी नाही. बाराव्या दिवशी दादानं मला विचारलं, "तू मला वेडा ठरवलंस ना, मग तुझ्याविरुद्ध अर्ज कुठे करायचा ते सांग." मी नर्सकडून कोरा कागद आणि पेन आणून दिलं. त्यानं दीड पान लिहिलं, त्यातलं अर्धं खरं होतं, विशेषतः मी त्याच्याशी दोन वर्षं धड बोललो नव्हतो ते. अर्ज बोर्डाकडे गेला. निर्णय यायच्या आत बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनीच डिस्चार्ज दिला.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्या, पुढची तारीख आणि परत बिघडलं तर फोन कुणाला, हे लिहून घ्या, घाईत राहून जातं. आणि माणूस बरा असताना, चहाला बसल्यावर, विषय काढा की पुढे कधी असं झालं तर तुझ्या वतीनं कुणी ठरवायचं, कुठले उपचार चालतील, कुठले नकोत. ते लेखी देता येतं, त्याला ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. दादानं त्यात प्रतिनिधी म्हणून वहिनीचं नाव घातलंय, माझं नाही.