रेकॉर्डची सीडी करताय? तानपुरा पुसून टाकू नका, या चुका टाळा

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण इंदूरच्या रामबागेत एका मित्राकडे जमतो, पोहे होतात आणि ज्याने त्याने आपली आवडती रेकॉर्ड आणून ऐकवायची. मागे आमच्यातले भाऊ गायक अमीर खाँसाहेबांच्या मारवा रागाची सीडी करून घेऊन आले, तीच एचएमव्हीची १९६० ची एलपी (मोठी रेकॉर्ड), एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी, इंदूरवाल्याला वेगळं सांगायला नको. सीडी लावली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खाँसाहेब पाण्याच्या टाकीत बसून गातायत, आणि तानपुरा गायबच!

झालं असं की भाऊंनी ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नॉइज रिडक्शन (खरखर कमी) करताना सँपल म्हणून सुरुवातीची चार सेकंदं निवडली, आणि त्यात तानपुरा चालू होता. सॉफ्टवेअरला काय कळतंय, त्याला वाटलं हीच खरखर, मग शेवटपर्यंत तेवढी वेचून काढली. सँपल घ्यायचंच तर सुई टेकल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधीच्या रिकाम्या खाचेतलं घ्या, आणि हात आखडता ठेवा. क्लिक रिमूव्हलचंही तेच, जास्त लावलं की तबल्याची चाट बोथट होते. मी तर मोठे टकटक आवाज एकेक करून हाताने काढतो, तास जातो, जाऊ दे. आणि मूळ फाइल तशीच ठेवायची, खेळ काय तो कॉपीवर.

दुसरी चूक माझीच. मामेभावाने अमेरिकेतून जुनं टर्नटेबल आणून दिलं, ११० व्होल्टचं, मी ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं तर सगळ्या बायका पुरुषी आवाजात गायला लागल्या. आठवडाभर बेल्ट बदल, तेल घाल, काही उपयोग नाही. मग डोक्यात उजेड पडला, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही! तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०, आणि त्या जातीची एसी मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, म्हणजे ३३ च्या जागी जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे. मोटरला लावायची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर उत्तमच, नाहीतर रेकॉर्ड करून घ्या आणि ऑडॅसिटीच्या चेंज स्पीडमध्ये १.२ टाका. चेंज पिच नको, त्याने सूर चढेल पण लय रेंगाळलेलीच राहील.

आवाज अगदी पातळ, खर्जच नाही असं वाटत असेल तर वायर बघा. एलपी कापतानाच खर्ज कमी आणि वरचा आवाज जास्त ठेवलेला असतो, तो परत सरळ करायचं काम फोनो प्रीअँपचं, आणि लोक टर्नटेबल थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसतात. उलट प्लेअरमध्येच प्रीअँप असेल आणि तुम्ही अँपच्या (अँप्लिफायरच्या) ‘फोनो’ लिहिलेल्या भोकालाही जोडलं तर आवाज फाटणार. घूंऽऽ येत असेल तर ती बारीक अर्थिंगची वायर अँपच्या स्क्रूला लावलीय का बघा, बहुतेक लोंबकळतच असते. रेकॉर्डिंगची लेव्हल उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला आपटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी असतील तर स्पिरिटने पुसायच्या नाहीत, कध्धीच नाही, ती लाख आहे, विरघळते. सुईही वेगळी लागते, त्यांची खाच एलपीपेक्षा तिपटीने रुंद असते.

बर्न करताना ऑडिओ सीडी निवडा, डेटा नको, नाहीतर जुन्या प्लेअरमध्ये चालेलच असं नाही. जागा ८० मिनिटांची, एक एलपी आरामात बसते.

आमच्या भाऊंनी मारवा पुन्हा केला. खरखर आहे, तानपुराही आहे, सगळे खूश, पण पठ्ठ्याने विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडले आणि ट्रॅक-अ‍ॅट-वन्सने (एकेक ट्रॅक सुटा लिहून) बर्न केलं, त्यामुळे द्रुत सुरू व्हायच्या तोंडावर दोन सेकंद सन्नाटा. डिस्क-अ‍ॅट-वन्स (अख्खी सीडी सलग) निवडून गॅप शून्य करायची होती. तिसरी सीडी या रविवारी येणारे.