चौल-रेवदंडा एका दिवसात कसे पाहावे

अलिबागला येणारी बहुतेक मंडळी तिथूनच परत फिरतात आणि दक्षिणेला सुमारे 17 किलोमीटरवरचे चौल राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नोंदींतही या बंदराचा उल्लेख आहे. मात्र येथे एकच भव्य वास्तू नसून सारे अवशेष नारळ-सुपारीच्या वाड्यांत विखुरलेले असल्यामुळे गाडी एका जागी लावून पायीच फिरावे, आणि खासगी वाडीत शिरण्यापूर्वी मालकांची परवानगी घ्यावी.

दिवस ठरवताना पंचांग पाहावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला भरती तीनच्या आसपास, म्हणजे सकाळची ओहोटी नऊला. चौलला लागून असलेल्या रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाबाहेरून पुळणीवर चालण्यास ही वेळ उत्तम. मी स्वतः एकदा हा हिशेब न करता गेलो आणि तटाची समुद्राकडील बाजू न पाहताच परतलो.

1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास ठाणे उभारले, ते वसई पडल्यानंतर 1740 मध्ये मराठ्यांकडे आले. किल्ल्याच्या दरवाजाखाली घाईने पुढे न जाता मान वर करून पाहावे: दगडात मुकुट आणि ढाल कोरलेले राजचिन्ह दिसते. आतील सातखणी मनोरा आणि पडक्या चर्चच्या भिंती यांना निवांत तासभर द्यावा.

वास्को द गामाच्या सुमारे तीन दशके आधी अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी याच चौलला उतरला होता. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. घाटावरच्या बाजारपेठांशी या बंदराचा संबंध किती निकटचा होता, हे या एका घोड्यावरून जितके कळते तितके मला कोणत्याही नकाशावरून कळले नाही. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

दुपारच्या उन्हात चौलचे रामेश्वर मंदिर आणि त्यापुढील पुष्करणी पाहावी.

उतरत्या उन्हात खाडीपलीकडे कोर्लईला जावे. येथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते; ती ऐकायला मिळावी म्हणून कोणालाही बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नये, ओळख झाली की ती आपसूक कानावर पडते. दीपगृहाच्या बाजूने किल्ल्यावर चढल्यावर समोर रेवदंडा, मध्ये खाडीचे मुख आणि पलीकडे चौलच्या वाड्या एका नजरेत येतात. येथे अंधार पडण्यापूर्वी उतरता येईल एवढा वेळ हाताशी ठेवावा.