बोलणारं एटीएम कसं वापरायचं

‘बोलणारं एटीएम’ म्हटलं की अनेकांना वाटतं, आपण बोलायचं आणि यंत्रानं ऐकायचं. प्रकार उलटा आहे. यंत्र बोलतं, आपण बटणं दाबून उत्तर देतो. तेच बरं, नाहीतर रांगेसमोर पिन मोठ्यानं सांगावा लागला असता! दृष्टिहीनांसाठी असं पहिलं यंत्र १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात बसलं. पण चष्मा घरी विसरलेल्या कुणालाही ते तितकंच उपयोगी पडतं.

आधी इअरफोन. ३.५ मिलिमीटर पिनचा, वायरचा साधा इअरफोन लागतो. ब्लूटूथचा चालत नाही. तो एकाच कानात घाला, दुसरा कान आजूबाजूची चाहूल घ्यायला मोकळा ठेवा.

यंत्राच्या पुढच्या बाजूला इअरफोनचं छोटं गोल छिद्र चाचपा. शेजारी बहुधा हेडफोनची उठावदार खूण किंवा ब्रेल असतं. पिन पूर्ण आत ढकला की आवाज सुरू होतो. नाही झाला तर काढून पुन्हा घाला. तरीही यंत्र मुकंच राहिलं, तर कार्ड न घालता दुसरं एटीएम गाठा.

पहिल्यांदा वापरताना घाई नको. कार्ड कुठे घालायचं, नोटा कुठून येतात, हे अनेक यंत्रं सुरुवातीलाच सांगतात. ते ऐकता ऐकता बोटांनी बटणं ओळखून घ्या. ५ वर बारीक उंचवटा असतो आणि १-२-३ ही ओळ सर्वांत वर, फोनसारखी. (संगणकाच्या कीबोर्डवर ती खाली असते, तिथे बोटं फसतात.) पुष्कळ यंत्रांवर हिरव्या ‘एंटर’वर उठावदार गोल आणि लाल ‘कॅन्सल’वर फुली असते.

कार्डाची बाजू चिपवरून कळते, ती बोटाला जाणवते. पिन टाकताना आवाज आकडे उच्चारत नाही, फक्त टिक किंवा बीप ऐकू येते. तरी दुसऱ्या हातानं बटणं झाकाच. स्क्रीन काळी करण्याची सोय असेल तर ती जरूर निवडा. मागे उभ्या माणसाला तुमची शिल्लक वाचता येणार नाही.

पर्याय पाठ झाले की सगळं ऐकत बसायची गरज नाही. बहुतेक यंत्रांत बटण दाबलं की बोलणं तुटतं आणि पुढचा टप्पा येतो. रक्कम मात्र शेवटपर्यंत ऐका. एक शून्य जास्त दाबलं गेलं असेल तर ते इथेच कळतं.

नोटा, कार्ड, पावती यांचा क्रम प्रत्येक यंत्रात वेगळा असतो, तेव्हा आवाज सांगेल ते आधी घ्या. शिल्लक कानानंच ऐकून घ्या, छापील पावतीचा इथे काय उपयोग! इअरफोन सर्वांत शेवटी काढा. तो मध्येच निघाला तर काही यंत्रं व्यवहारच रद्द करतात.