गाणं चोरीला जाण्याआधी करायची कामं

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुकोबांच्या अभंगाला तुम्ही नवी चाल लावली तर चाल तुमची, शब्द नाहीत. चोरीची तक्रार करताना नेमका कोणता हक्क मोडला ते सांगावं लागतं. म्हणून गीतकार, संगीतकार आणि पैसे घालणारा यांचे वाटे रेकॉर्डिंगआधीच कागदावर लिहून सह्या घ्या. हक्क कोणाला देताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

कॉपीराइट गाणं तयार झाल्याबरोबर लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद कोर्टात गेला तर ती कामाला येते. शब्द किंवा चालीच्या नोंदणीला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. शिवाय मूळ प्रोजेक्ट फाइल, सुटे ट्रॅक, कच्च्या चालीची मोबाइलवरची रेकॉर्डिंग आणि स्टुडिओचं बिल सांभाळून ठेवा. फक्त शेवटची एमपीथ्री तर चोराकडेही असते.

रिलीजआधी पूर्ण दर्जाची वेव्ह फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ऐकवायला १२८ केबीपीएसची एमपीथ्री पुरते. तिच्यात मध्येमध्ये आवाजी टॅग (तुमचं नाव बोललेला छोटा तुकडा) टाका, प्रत्येकाच्या प्रतीत टॅगची जागा थोडी वेगळी ठेवा आणि कोणती प्रत कोणाला दिली ते लिहून ठेवा. गाणं फुटलं तर कुठून फुटलं ते कळतं.

खरी गफलत होते ती वितरकाच्या, म्हणजे गाणं ॲप्सवर आणि यूट्यूबवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडीवर टिक करताना. ही यंत्रणा दुसऱ्यांच्या व्हिडिओंतलं तुमचं गाणं आपोआप ओळखते आणि त्यावर तुमचा दावा लावते. विकतचा तबला-ढोलकीचा लूप (तयार वाजवलेला तुकडा) किंवा भाड्याचा बीट वापरला असेल तर ती टिक नको. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जातात, ते वाद घालतात आणि वितरक तुमचं गाणं यादीतून काढतो. सगळं वादन तुमचंच असेल तर मात्र टिक कराच, आणि स्वतःचं चॅनल सूट-यादीत घालायला वितरकाला सांगा. नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येईल! प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा वेगळा आयएसआरसी (ओळख-क्रमांक) लागतो, रिमिक्सलाही.

वेग किंवा पट्टी बदललेले डीजे मिक्स कंटेंट आयडीच्या हातून कधीकधी सुटतात. गणपतीच्या आधी मुखड्याचे शब्द आणि ‘डीजे’ असं टाकून स्वतः शोधा.

सापडलं की आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. तक्रारीत त्या पानाची नेमकी लिंक द्या. नुसत्या मुखपृष्ठाच्या लिंकवर काही होत नाही. यूट्यूबवर काढून टाकण्याची विनंती मान्य झाली की समोरच्याला स्ट्राइक (चॅनलवर इशाऱ्याची नोंद) बसतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. त्यामुळे हौशी रीलवाल्यांवर हे हत्यार चालवू नये. तिथे गाण्याची प्रसिद्धीच होते, दावा लावून जाहिरातीचे पैसे घेतलेले बरे. एमपीथ्री डाउनलोडच्या साइटवर मात्र दया नको: साइटला, तिच्या होस्टिंग कंपनीला आणि गूगल सर्चला एकाच दिवशी तक्रार करा. भारतीय नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत तो बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तेव्हा पत्र पाठवायच्या दिवशीच वकिलाशी बोलून ठेवा.