आयर्न मेडन पहिल्यांदा ऐकताय? मग या क्रमाने ऐका

दिवाळीत मामेभावाने विचारलं, दादा मला आयर्न मेडन ऐकायचंय पण १७ अल्बम आहेत, सुरुवात कुठून करू? प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक जण एखादी टॉप २० प्लेलिस्ट लावतात, त्यात १९८२ चं गाणं संपलं की लगेच २००० चं सुरू, तिसऱ्या गाण्याला सगळं सारखंच वाटायला लागतं आणि मग तिथेच सोडून देतात, मला फार वाईट वाटतं याचं. हा ब्रिटिश हेवी मेटल बँड वळणावळणाने ऐकायचा असतो. कोण आलं, कोण गेलं आणि त्याने आवाज कसा बदलला, एवढं धरून चाललात तर ५० वर्षांचा प्रवास कानाला आपोआप कळतो.

आधी एक माणूस लक्षात ठेवा, स्टीव्ह हॅरिस. २५ डिसेंबर १९७५ ला, म्हणजे ऐन नाताळात, ईस्ट लंडनच्या लेटनमधे याने बँड काढला आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत सलग असलेला हा एकटाच. वाजवतो बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, तेही पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता बोटांनी. म्हणून पहिला धडा बेसचा. 'पीस ऑफ माइंड' मधलं 'द ट्रूपर' लावा, मोबाइलच्या स्पीकरवर नाही, इयरफोन घालून, कारण मोबाइलवर बेस मरतो. गाणं क्रिमियन युद्धातल्या १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या घोडदळाच्या हल्ल्यावर आहे. मांडीवर हाताने ठेका धरा, टक-टिकि टक-टिकि टक-टिकि, एक लांब आणि दोन छोटे. घोड्याच्या टापा ऐकू आल्या का? हीच ती प्रसिद्ध गॅलप चाल, एकदा कानात बसली की पुढे कुठलाही अल्बम लावा, ती तुम्हाला सापडणारच.

आता क्रम. १९८० चा पहिला अल्बम आणि १९८१ चा 'किलर्स', या दोन्हीत पॉल डिआनो गातो. आवाज खरखरीत, रस्त्यावरचा, जवळजवळ पंकसारखा. पहिला अल्बम थेट ब्रिटनच्या चार्टवर चौथ्या नंबरला गेला होता. दोन्हीतली तीन-चार गाणी ऐकलीत तरी चालेल, पण त्यानंतर लगेच, मधे दुसरं काही न ऐकता, १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' लावा. आता गायक ब्रूस डिकिन्सन आलाय. त्यातलं शेवटचं गाणं, 'हॅलोड बी दाय नेम', सात मिनिटांचं आहे. घंटेचा टोल पडतो, फाशीची वाट बघणारा कैदी कोठडीत बसलाय, ब्रूस अगदी हळू सुरू करतो आणि मग एक सूर इतका लांब खेचतो की आपलाच श्वास अडकतो. डिआनोनंतर लगेच हे ऐकलं की पहिला मोठा टप्पा समजावून सांगावा लागत नाही. बँडचा ब्रिटनमधला पहिला नंबर वन अल्बम हाच.

मग १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह'. इथे घाई करू नका. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं १३ मिनिटांहून मोठं गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' यात आहे, मधे सगळं थांबतं, फक्त जहाजाचं लाकूड करकरतं आणि बेस हळूहळू येतो, तो भाग दिवा बंद करून ऐका. याच अल्बमच्या टूरमधे ते पोलंडला, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्ट देशात जाऊन वाजवून आले आणि जानेवारी १९८५ ला ब्राझीलच्या पहिल्या रॉक इन रिओ महोत्सवात क्वीन बँडच्याच रात्री स्टेजवर होते. त्या टूरचा लाइव्ह अल्बम म्हणजे 'लाइव्ह आफ्टर डेथ', माझ्या मते लाइव्ह रॉक कसं रेकॉर्ड करावं याचा नमुना.

नंतर सिंथवाला (इलेक्ट्रॉनिक सुरांचा) 'समव्हेअर इन टाइम' आणि १९८८ चा 'सेव्हन्थ सन' आवडीने ऐका. १९९० ला गिटारिस्ट एड्रियन स्मिथ गेला, १९९३ ला ब्रूस पण गेला.

इथे सगळे फॅन सांगतात की १९९९ पर्यंत स्किप कर. प्लीज करू नका. ब्रूसच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचा आवाज खालच्या पट्टीतला, तो ब्रूस नव्हता आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणं हा अन्याय होता. १९९५ च्या 'द एक्स फॅक्टर' मधलं ११ मिनिटांचं 'साइन ऑफ द क्रॉस' ऐका, मग तेच गाणं २००१ च्या रिओच्या लाइव्हमधे ब्रूसच्या आवाजात ऐका. गाणं तेच, पण एकात अंधार आहे, दुसऱ्यात वीज आहे, आणि मला दोन्ही हवेत.

१९९९ ला ब्रूस आणि एड्रियन परत आले, ब्लेझला जावं लागलं, पण एड्रियनच्या जागी आलेला गिटारिस्ट यानिक गर्स राहिला, म्हणून आता गिटार तीन. २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' त्यासाठी ऐका. आपल्यासाठी खास टप्पा १ फेब्रुवारी २००८, ब्रूस स्वतः पायलट असलेल्या बोइंग ७५७ मधून निघालेल्या वर्ल्ड टूरचा पहिला शो मुंबईत, बीकेसीत झाला. २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स' मधलं १८ मिनिटांचं शेवटचं गाणं आर १०१ या एअरशिपवर, म्हणजे वायूच्या फुग्यावर उडणाऱ्या जहाजावर आहे, १९३० ला इंग्लंडहून तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीला निघालेलं ते फ्रान्समधे कोसळलं. पियानो ब्रूसचाच.

सगळ्यात शेवटी ड्रमर निको मॅकब्रेन. जानेवारी २०२३ ला त्याला स्ट्रोक आला, तरी तो स्टेजवर परतला आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत टूरमधला शेवटचा शो वाजवून थांबला. आता परत 'पीस ऑफ माइंड' काढा आणि पहिलंच गाणं लावा, बँडमधे आल्यावर त्याने रेकॉर्ड केलेला पहिला अल्बम आहे हा, आणि तो ड्रम्सनेच सुरू होतो.