दहा वेळा ‘परीक्षा’

चौथीत ‘परीक्षा’ हा शब्द चुकला म्हणून गुरुजींनी तो दहा वेळा लिहायला सांगितला. आमच्या वर्गाची एक ठरलेली युक्ती होती: आधी एकाखाली एक दहा ‘प’, मग दहा ‘रि’, मग दहा ‘क्षा’. लिहून झटकन झालं, पण एका चुकीच्या दहा झाल्या.

पुढे छापखान्यात प्रूफं, म्हणजे छापण्याआधीची नमुना पानं, तपासायला लागले तेव्हा कळलं, आपण शब्द वाचतच नाही, ओळखतो. ‘मुखाध्यापिका’ छापलेलं असलं तरी डोळ्यांना ‘मुख्याध्यापिका’च दिसतं. शाळेतली ती अक्षरं सुटी करण्याची खोड इथे कामी आली. लग्नपत्रिकेत ‘सौ. कां.’वरचा अनुस्वार राहिलाय, हे तशा वाचण्यानेच दिसतं.

‘मराठी चांगलं आहे, मला जमेल का?’ असं नवीन मुलं विचारतात. जमेल, पण मराठी चांगलं असणं पुरत नाही. आधी शुद्धलेखनाचे नियम मिळवा. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठराच आहेत. एका बैठकीत वाचून होतात. मुरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त लाल शाई खातो तो उपान्त्य अक्षराचा नियम. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकारयुक्त किंवा उकारयुक्त असेल तर ते दीर्घ: फूल, मूल, वीट. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: फुलाला, मुलाला, विटेला. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. गुण, विष ऱ्हस्वच राहतात.

ही शेवटची दोन वाक्यं मी सुरुवातीला घाईत वाचली होती.

एका शाळेची स्मरणिका माझ्याकडे आली होती. उपान्त्य नियम नुकताच डोक्यात शिरलेला, त्यामुळे दिसेल ते दीर्घ करत सुटले होते. मजकुरात नव्हे, पानभर मोठ्या अक्षरातल्या मथळ्यात मी ‘शिक्षक दिन’चं ‘शिक्षक दीन’ केलं. मोठं अक्षर परत कुणी तपासत नाही, मीही तपासलं नाही. संगणकही गप्प बसला, कारण ‘दीन’ हाही शब्द बरोबरच आहे. तेव्हापासून मथळे, नावं आणि फोन नंबर मी सगळ्यात शेवटी, वेगळे, मोठ्याने वाचते. जमलं तर दुसऱ्या कुणाला मूळ प्रत वाचायला लावते आणि मी प्रुफावर बोट ठेवते. (पैसे पानावर मिळतात. फार नसतात.)

स्मरणिका छापून झाली होती. शाळेतल्या एक बाई हसत म्हणाल्या, “चूक कुठे आहे? खरंच लिहिलंय.” मालक मात्र हसले नाहीत. संध्याकाळी आम्ही तिघं मथळ्यावर ‘शिक्षक दिन’ छापलेल्या पट्ट्या कापून चिकटवत बसलो. पट्ट्यांचं प्रूफ त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही, स्वतः वाचलं.