जोडीदार स्पाउस व्हिसावर, मग भाड्याचा क्लेम कुणी करायचा?

यूकेत मिळकत कमी पडली तर ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही सरकारी मदत मिळते, त्यात घरभाड्याचाही भाग असतो. जोडीदार स्पाउस व्हिसावर असेल तर तिचा क्लेम कसा करायचा, याबाबत आपल्या मंडळींमध्ये दोन सल्ले फिरत असतात. एक म्हणजे, ‘बायको स्पाउस व्हिसावर आहे ना, मग सरकारी पैशाला हातच लावू नकोस, तिचा व्हिसा जाईल.’ दुसरा, ‘आता दोघं आहात, दोघांच्या नावाने क्लेम टाक, जास्त मिळेल.’ पहिला सल्ला ऐकला तर हक्काचे पैसे जातात. दुसरा ऐकला तर खरोखरच व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

मी हे लिहितोय ते एक जण ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआरवाला (कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेला) आणि दुसरा नुकताच स्पाउस व्हिसावर आलेला, अशा जोडप्यांसाठी. एक जण स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आणि दुसरा त्याच्या डिपेंडंट व्हिसावर असाल तर दोघांनाही युनिव्हर्सल क्रेडिट नाही, तिथे विषय संपला. आणि ब्रिटिश पासपोर्ट आहे पण बरीच वर्षं भारतात राहून आत्ताच परतलात, तर आधी ‘हॅबिच्युअल रेसिडन्स’ची, म्हणजे तुम्ही खरोखर इथेच स्थायिक आहात का याची, चौकशी होते. नुसता पासपोर्ट दाखवून भागत नाही.

कुणी विचारेल, वर्षाला २९,००० पौंडांची मिळकत दाखवून व्हिसा मिळवला, मग भाड्याला मदत कशाला? अहो, नोकरी जाते, कामाचे तास कमी होतात, माणूस आजारी पडतो. आणि पिपसारखा (आजार-अपंगत्वासाठीचा) डिसअ‍ॅबिलिटी बेनिफिट मिळणाऱ्याला तर व्हिसासाठी ही २९,००० ची अट लागूच होत नाही.

जोडीदाराच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, ही अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन, काउन्सिलचं घर हे सगळं त्यात येतं. (एनएचएस आणि सरकारी शाळा येत नाहीत, हे घाबरलेल्या मंडळींना आवर्जून सांगतो.) पण ही अट जोडीदारावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही तुमच्या नावाने क्लेम केलात तर तो जोडीदाराने घेतलेला पैसा धरत नाहीत. फक्त जोडीदार इथे आहे म्हणून तुमची रक्कम वाढता कामा नये. म्हणूनच जोडीदार सोबत राहत असूनही अशा वेळी तुमचा क्लेम एकट्याचा, म्हणजे सिंगल दराने होतो.

एकट्याचा क्लेम म्हणजे जोडीदार लपवायचा असं मात्र नाही. फॉर्ममध्ये जोडीदार सोबत राहतो असंच लिहायचं आणि व्हिसावर ही अट आहे हेही सांगायचं. तुमचा क्लेम आधीपासून चालू असेल तर जोडीदार घरात राहायला आला की लगेच ‘चेंज ऑफ सर्कमस्टन्सेस’, म्हणजे परिस्थितीतला बदल, कळवा. आणायला भारतात जाणार असाल तर तेही आधी कळवा. साधारण एका महिन्यापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर क्लेम बंद पडतो.

आता खरी गोम. खर्चाच्या बाजूला जोडीदार मोजत नाहीत, पण उत्पन्नाच्या बाजूला पूर्ण मोजतात. २०२५-२६ चे दर घ्या. पंचवीस किंवा त्याहून मोठ्या जोडप्याचा महिन्याचा स्टँडर्ड अलाउन्स, म्हणजे भाडं सोडून मिळणारी मूळ रक्कम, ६२८ पौंड, एकट्याचा ४०० पौंड. तुम्हाला मिळतो तो एकट्याचा. समजा नवरा ३८ वर्षांचा, सध्या नोकरी नाही, मूल नाही आणि मान्य झालेलं भाडं ७०० पौंड. एकूण झाले ११०० पौंड. बायकोला नोकरी लागली आणि हातात १००० पौंड येऊ लागले, तर त्यातल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात, म्हणजे ५५० गेले आणि ५५० उरले. मूल असतं तर पगारातला काही भाग आधी सोडून मग कापणी झाली असती.

बचतीचंही तसंच. दोघांची मिळून १६,००० पौंडांच्या वर बचत असेल तर क्लेम होत नाही. ६,००० च्या वर असेल तर थोडी थोडी रक्कम कापतात. आणि बचत म्हणजे फक्त इथल्या बँकेतली नव्हे. जोडीदाराची भारतातली एफडी, त्याच्या नावावरचा भाड्याने दिलेला फ्लॅट, सगळं सांगावं लागतं. ‘त्यांना कसं कळणार’ म्हणणारे भेटतीलच, त्यांचं ऐकू नका.

भाडं किती मान्य होईल तेही बघून ठेवा. खासगी घर असेल तर तुमच्या भागाच्या लोकल हाउसिंग अलाउन्सची, म्हणजे जास्तीत जास्त किती भाडं धरायचं या सरकारी दराची, मर्यादा लागते आणि हे दर एप्रिल २०२४ पासून वाढलेले नाहीत. वय ३५ च्या आत असेल, मूल नसेल, तर एकट्याच्या क्लेमला बहुतेक वेळा ‘शेअर्ड अ‍ॅकॉमोडेशन’चा, म्हणजे एका खोलीचाच दर मिळतो. तुम्ही दोघं वन-बेड फ्लॅटमध्ये राहत असलात तरी! मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो आहे. त्यामुळे जोडीदार येण्याआधी मोठं घर घेताना हा आकडा बघूनच सही करा. भाडेकरार दोघांच्या नावावर असेल म्हणून भाडं निम्मं धरलं, तर गप्प बसू नका. करारात फक्त नवरा-बायकोच असतील तर पूर्ण भाडं धरायला हवं. आधी जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातली निरोपांची जागा) लिहा आणि तरी निर्णय बदलला नाही तर एका महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा.

इंग्लंडमध्ये घरमालक ‘राइट टू रेंट’, म्हणजे इथे भाड्याने राहायचा हक्क आहे का, ते तपासतो. त्यासाठी जोडीदाराचा ई-व्हिसा (ऑनलाइन व्हिसा) आणि तो घरमालकाला दाखवायचा शेअर कोड तयार ठेवा. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळात अ‍ॅडव्हान्स मिळतो, पण ते कर्ज असतं, पुढच्या हप्त्यांतून वळतं होतं. एकटे राहत होतात म्हणून काउन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट असेल, तर जोडीदार आल्यावर ती बंद करायला सांगा.

दोघांवर अगदीच उपासमारीची वेळ आली, तर स्पाउस व्हिसावरची ‘सरकारी मदत नाही’ ही अट काढून टाकण्यासाठी होम ऑफिसकडे फी न भरता अर्ज करता येतो. आणि घरात मारहाण, छळ होत असेल तर त्या व्यक्तीसाठी वेगळी सवलत आहे. तीन महिन्यांची परवानगी मिळते आणि त्या काळात तिला स्वतःच्या नावाने बेनिफिट आणि घरासाठी अर्ज करता येतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलोय म्हणून सहन करत राहावं लागत नाही. अशा वेळी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांना गाठा. व्हिसाचा सल्ला मात्र नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नको.

जोडीदाराला आयएलआर मिळालं की त्याच दिवशी जर्नलमध्ये कळवा. तिथून पुढे क्लेम दोघांचा होतो आणि दरही जोडप्याचा लागतो. तोवर जोडीदाराच्या नावाने कुठलाही बेनिफिटचा फॉर्म भरू नका. बाळ झालं तर चाइल्ड बेनिफिटचा फॉर्मसुद्धा तुमच्याच नावाने जाऊ द्या.